ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव

दरवर्षी दिवाळीच्या सुमारास आपल्या बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी ज्या टोळ्या निघतात, त्यांतील कित्येक कराड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातील साखर कारखान्यांवर जातात. आपल्या शाळेच्या अनेक आजी-माजी विद्यार्थ्यांच्या आईवडिलांना कृष्णाकाठची ती वाट चांगली ठाऊक आहे. त्याच वाटेवर, कराड शहराला लागून, गोळेश्वर नावाचे एक गाव आहे. उसाने भरलेल्या गाड्या ज्या शिवारातून जातात, त्या शिवारात एका शेतकरी कुटुंबात १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला ऑलिंपिक स्पर्धेतील पहिले वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिले. आज पाठ्यपुस्तकांतून व स्पर्धा परीक्षांच्या तयारीतून त्यांचे नाव मुलांच्या कानावर पडते. पण बहुधा एका ओळीपुरतेच. त्या एका ओळीमागे किती माणसांची झीज आहे, हे सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

वडील दादासाहेब हे स्वतः पंचक्रोशीत नावाजलेले मल्ल होते. पाच मुलांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालीम असल्यासारखे वातावरण असल्यामुळे पाचव्या वर्षापासूनच मातीशी त्यांची ओळख झाली. वडील हेच पहिले वस्ताद. पहाटे उठावे, जोर-बैठका माराव्यात, मातीत उतरावे, मग शेतातील कामे आणि शाळा, असा त्या घराचा शिरस्ता होता. पुढे कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे माध्यमिक शिक्षण झाले. १९४२ च्या चळवळीत सातारा जिल्हा पेटून उठला होता. त्या काळात भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणे, त्यांच्या चिठ्ठ्या पोहोचवणे अशी कामे या शाळकरी मुलाने केली.

खाशाबांची चण लहान होती. कुस्तीगीर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर रेड्यासारखा रुंद गडी उभा राहतो. यात्रेच्या फडावर शेवटच्या मोठ्या कुस्तीसाठी हलगी घुमू लागते, तेव्हा लोक वजन आणि मांड्या पाहूनच पैजा लावतात. खाशाबा त्या मोजमापात बसत नव्हते. त्यांचे बळ चपळाईत होते. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत अडकवून क्षणात त्याला भिरकावून द्यायचे, असा हा डाव. त्यात ताकदीपेक्षा वेळ साधण्याला महत्त्व असते, आणि वेळ साधण्यात त्यांचा हात धरणारा त्या भागात कोणी नव्हता.

महाविद्यालयीन शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर हे नाव आपल्या वाचकांना दोन कारणांनी जवळचे आहे. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे बहुजन समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली. वसतिगृहात राहून शिकण्याची जी परंपरा आपल्यापर्यंत पोहोचली, तिचा एक उगम तेथे आहे. त्याच महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला आणि खासबागेचे भव्य मैदान बांधून घेतले. शिक्षण आणि कुस्ती या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच शहरात रुजवल्या. खाशाबा कोल्हापुरात आले तेव्हा शाहू महाराजांना जाऊन पाव शतक उलटले होते, पण तालमी गजबजलेल्या होत्या. बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी हे वस्ताद तेथे त्यांना लाभले.

महाविद्यालयातील आरंभीचा एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. वार्षिक क्रीडा स्पर्धेत नाव नोंदवण्यासाठी खाशाबा गेले, तेव्हा त्यांच्या किरकोळ देहयष्टीकडे पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला. खाशाबा परत फिरले नाहीत. ते थेट प्राचार्यांकडे गेले आणि भाग घेण्याची परवानगी मिळवली. त्या स्पर्धेत आपल्याहून धिप्पाड गड्यांना त्यांनी एकामागून एक चितपट केले. त्या दिवशी प्राचार्यांचा दरवाजा बंद असता तर पुढचे काहीच घडले नसते, असे मला नेहमी वाटते. शाळा-महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी अशी आहे.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक स्पर्धा भरली. महायुद्धामुळे बारा वर्षांच्या खंडानंतर भरलेली ही स्पर्धा स्वतंत्र भारताची पहिली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला म्हणून खाशाबांना जाता आले. परंतु तेथे पोहोचल्यावर वेगळीच अडचण उभी राहिली. जन्मभर मातीत खेळलेला हा मल्ल प्रथमच गादीवर उतरणार होता.

मातीची कुस्ती आणि गादीची कुस्ती यांत केवढे अंतर आहे, हे ज्यांनी दोन्ही पाहिल्या आहेत त्यांनाच कळेल. आपल्याकडे पाठ लागली की कुस्ती संपली. तोवर अर्धा तास लागो की तास. गुण मोजण्याची पद्धत नाही. हौद्यातली माती तेल, ताक, हळद घालून मऊ केलेली असते. ती घामाने ओल्या अंगाला लागते आणि पकड घट्ट बसते. गादीवर माती नाही, वेळ ठरलेली, प्रत्येक हालचालीला गुण, आणि कडेला बसलेल्या पंचांचा निर्णय अखेरचा. पायांत बूट घालावे लागतात, ही बाबसुद्धा अनवाणी वाढलेल्या पायांना जड जाते. लंडनमध्ये अमेरिकेचे रीस गार्डनर यांनी खाशाबांना थोड्या दिवसांत गादीवरच्या कुस्तीचे मर्म शिकवले.

फ्लायवेट, म्हणजे ५२ किलोच्या गटात ते खेळले. ऑस्ट्रेलियाच्या बर्ट हॅरिसला त्यांनी काही मिनिटांतच हरवले, अमेरिकेच्या बिली जर्निगनवरही मात केली. इराणच्या मन्सूर रईसीपुढे मात्र ते हरले. त्या गटाचे सुवर्णपदक फिनलंडच्या लेनार्ट व्हिटालाने पटकावले आणि खाशाबा सहावे आले. गादीवर प्रथमच उतरलेल्या बावीस वर्षांच्या तरुणाने जगात सहावा क्रमांक मिळवणे ही लहान बाब नव्हती. तरीही परत आल्यावर त्यांना समाधान वाटले नाही. पुढची चार वर्षे त्यांनी एकाच ध्यासात घालवली. वजनाचा गट बदलून ते बँटमवेटमध्ये, म्हणजे ५७ किलोच्या गटात आले.

पुढची स्पर्धा १९५२ साली फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे होणार होती. निवडीसाठी मद्रास येथील राष्ट्रीय स्पर्धेची कामगिरी विचारात घेतली जाणार होती. तेथे निरंजन दास यांच्यापेक्षा आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, असा खाशाबांचा आक्षेप होता. बहुतेक जण अशा वेळी नशिबाला दोष देऊन गप्प बसतात. गोळेश्वरच्या या तरुणाने पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. ऑलिंपिक संघटनेचे सूत्रधार असलेले महाराज कुस्तीचे जाणकार होते. त्यांनी दोघांची पुन्हा लढत लावली आणि खाशाबांनी काही क्षणांतच निरंजन दास यांची पाठ लावली. अर्ज लिहून न्याय मागण्याची ही वृत्ती मल्लांमध्ये क्वचितच दिसते. खाशाबा शिकलेले होते, म्हणून त्यांना कोणाकडे आणि कसे लिहावे हे ठाऊक होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

निवड झाली, आता प्रश्न पैशाचा. खेळाडूंचा सगळा खर्च सरकार किंवा संघटना उचलते, हे चित्र अलीकडचे. त्या काळी निवड झालेल्या खेळाडूला आपली सोय आपणच पाहावी लागे. मुंबई सरकारकडे वारंवार विनंती करूनही मिळालेली मदत खर्चाच्या मानाने अपुरी होती. खाशाबा दारोदार फिरले. गोळेश्वरच्या ग्रामस्थांनी वर्गणी काढली, कराड-कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांनी आणि परिचितांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. तरी आकडा पुरा होईना.

तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

या वाक्यापाशी वाचकांनी क्षणभर थांबावे. १९५२ साली सात हजार रुपये ही शिक्षकाच्या संसारात कित्येक वर्षांची शिल्लक असेल. विद्यार्थी आपला नातलग नाही, त्याच्या यशाची कसली हमी नाही, यशातून द्रव्यलाभ होण्याचीही शक्यता नाही. उलट पहिल्याच फेरीत तो हरून परत येण्याची शक्यता अधिक. अशा परिस्थितीत डोक्यावरचे छप्पर सावकाराकडे गहाण टाकणे याला आपण त्याग म्हणतो, पण तो शब्द वापरून वापरून गुळगुळीत झाला आहे. आपल्या निवासी शाळेच्या उभारणीच्या काळात ज्यांनी पदरमोड केली, त्यांच्या घरच्यांना या प्रसंगाचा अर्थ अधिक चांगला कळेल.

हेलसिंकीला भारतीय पथकात कोल्हापूरचे आणखी एक मल्ल होते, केशव माणगावे. त्यांच्या फेदरवेट गटात ते चौथे आले. पदक थोडक्यात हुकले. चौथ्या क्रमांकाला लोक विसरतात, म्हणून त्यांचे नाव येथे मुद्दाम नोंदवतो.

खाशाबांच्या गटात त्या वेळी आजच्यासारखी उपान्त्य आणि अंतिम अशी सरळ रचना नव्हती. प्रत्येक लढतीनंतर मल्लाच्या खात्यावर दोषगुण चढत. ते ठरावीक मर्यादेपर्यंत गेले की तो बाहेर. अखेर जे उरत, त्यांच्या आपसातील लढतींवरून पदके ठरत. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोला हरवले. जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झलाही त्यांनी नमवले. पुढे जपानचा शोहाची इशी समोर आला. ही लढत पंधरा मिनिटांची पूर्ण वेळ चालली. गादीवर पंधरा मिनिटे म्हणजे फुफ्फुसे फाटण्याची वेळ. अगदी निसटत्या फरकाने इशी जिंकला. पुढे त्यालाच सुवर्णपदक मिळाले आणि त्या स्पर्धेत जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्ण ठरले. यावरून ती लढत किती तोडीची होती याची कल्पना येते.

त्यानंतर जे घडले ते मनाला लागते. इशीबरोबरच्या लढतीतून घामाघूम होऊन उतरलेल्या खाशाबांना लागलीच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवशी लढण्यास बोलावण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्धा तास विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. हा नियम पंचांच्या निदर्शनास आणून द्यायला त्या क्षणी तेथे एकही भारतीय अधिकारी उपस्थित नव्हता. परक्या देशात, परक्या भाषेत, दमलेल्या मल्लाने एकट्याने वाद घालावा तरी कसा? ते गादीवर उतरले आणि हरले. मम्मदबेयोवला रौप्य आणि खाशाबांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२.

अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली असती तर पदकाचा रंग बदलला असता का, याची चर्चा कोल्हापूरच्या तालमींत पुढे अनेक वर्षे होत राहिली. त्याचे उत्तर कोणापाशीच नाही. ज्यांनी त्यांना घडवले आणि ज्यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवले, ती माणसे हजारो मैल दूर होती. जवळ असायला हवी होती ती नव्हती, एवढे मात्र खरे.

दुसऱ्या दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सचा सहा विरुद्ध एक असा पराभव करून पुन्हा सुवर्णपदक जिंकले आणि देशभर त्याचा जल्लोष झाला. कांस्यपदकाची बातमी त्या जल्लोषात काहीशी मागे पडली. त्याआधी १९०० साली पॅरिसच्या स्पर्धेत नॉर्मन प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळवली होती. पण ते कलकत्त्यात जन्मलेले इंग्रज, आणि देश पारतंत्र्यात. स्वतंत्र भारताच्या नावापुढे वैयक्तिक पदक लिहिले गेले ते खाशाबांमुळे प्रथमच.

देशाला त्याची किंमत कळायला वेळ लागला, पण गोळेश्वरला तेव्हाच कळली होती. खाशाबा कराड स्थानकावर उतरले तेव्हा शंभरावर बैलगाड्या त्यांना न्यायला आल्या होत्या. ढोल-ताशे, लेझीम, गुलाल यांच्या गजरात मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांत संपणारी वाट त्या दिवशी सरता सरेना. गावी पोहोचायला सात तास लागले.

सत्काराचे हार सुकले, तेव्हा खाशाबांनी पहिले काम कोणते केले? त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरवली. त्या मैदानांत ते स्वतः उतरले, जिंकले, आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्य खर्डेकरांचे घर सोडवून दिले. ऑलिंपिकचे पदक गळ्यात पडलेला माणूस पुन्हा लंगोट चढवून मातीत उतरतो, कारण आपल्या गुरूचे घर अजून सावकाराकडे आहे. खाशाबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कुस्ती मला विचाराल तर मी हेलसिंकीची सांगणार नाही, ही सांगेन.

१९५५ साली ते पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. पुढच्या वर्षीच्या मेलबर्न ऑलिंपिकची तयारी सुरू असतानाच गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि स्पर्धात्मक कुस्तीचा मार्ग खुंटला. पोलीस दलात त्यांनी सुमारे सत्तावीस वर्षे सेवा केली, खात्यातील खेळाडूंना मार्गदर्शन केले. बढतीची वाट मात्र फार हळू सरकली. सहायक पोलीस आयुक्त या पदापर्यंत ते पोहोचले ते सेवेच्या अगदी शेवटी. निवृत्तीनंतर हक्काच्या निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. कुस्तीच्या कारभाऱ्यांनी त्यांच्या अनुभवाचा उपयोग करून घेतला नाही. गादीवरची कुस्ती शिकण्यासाठी देशातील मल्ल धडपडत असताना, त्या गादीवर पदक मिळवलेला माणूस आपल्याच राज्यात अडगळीत पडावा, याचे समर्थन कसे करता येईल?

१९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या वेळी मशाल घेऊन धावण्याचा मान त्यांना देण्यात आला. हयातीत राष्ट्रीय पातळीवर त्यांच्या वाट्याला आलेला हा जवळपास एकमेव सन्मान. अर्जुन पुरस्कार १९६१ पासून सुरू झालेला होता, पद्म पुरस्कार त्याआधीपासून. दोन्हींपैकी एकही त्यांना जिवंतपणी मिळाला नाही. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. वय अठ्ठावन्न. दुसऱ्या दिवशी स्वातंत्र्यदिन होता.

पुढे एकेक सन्मान येत गेले. राज्य शासनाचा छत्रपती पुरस्कार मरणोत्तर जाहीर झाला, त्यानंतर २००० सालचा अर्जुन पुरस्कार. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. दरम्यान, टेनिसपटू लिअँडर पेस यांनी १९९६ साली अटलांटा येथे कांस्यपदक मिळवले, तेव्हा कुठे खाशाबांनंतरचे दुसरे वैयक्तिक पदक भारताला लाभले. मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली होती. गोळेश्वर येथे त्यांच्या नावे कुस्तीची प्रबोधिनी उभारण्याचे आश्वासन मिळाले होते. ते रखडले म्हणून २०१७ साली, पदकाचा लिलाव करून पैसा उभा करू, असे जाहीर करण्याची वेळ कुटुंबीयांवर आली. ज्या पदकासाठी एकदा घर गहाण पडले, ते पदकच विकायला काढण्याची भाषा करावी लागली.

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळण्याचे ठरवले. आपल्या जिल्ह्यातील पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१९ च्या जागतिक कुस्ती स्पर्धेत कांस्यपदक पटकावले आणि खाशाबांप्रमाणेच तेही पोलीस दलात अधिकारी झाले. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे अडथळ्यांच्या शर्यतीत दोन ऑलिंपिक धावून आले. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळवून स्वप्नील कुसाळे हे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवणारे महाराष्ट्राचे दुसरे खेळाडू ठरले. ते कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे, आणि त्यांचे वडील शिक्षक. त्या दिवशी वर्तमानपत्रांत बहात्तर वर्षांचा हिशेब छापून आला, आणि हेलसिंकीच्या त्या लहान चणीच्या मल्लाचे छायाचित्र कितीतरी घरांत प्रथमच पाहिले गेले.